सातबाऱ्यावरचे नाव आणि खरी मालकी

लाखोंचे भांडवल गाठीशी असल्यावाचून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात पाऊल ठेवताच येत नाही, हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत रूढ झालेला समज आता खरा राहिलेला नाही. सेबीने 2014 साली नियम केले, 2019 साली पहिला स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, म्हणजे रीट, शेअर बाजारात दाखल झाला, आणि आज त्याचे एकेक युनिट काही शे रुपयांत मिळते. वितरणयोग्य रकमेपैकी किमान 90 टक्के युनिटधारकांना वाटणे न्यासावर बंधनकारक आहे. भाव अर्थातच खालीवर होतो.

याहून घातक समज जमिनीच्या कागदांविषयीचा आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव तोच निर्विवाद मालक, असे गावोगाव मानतात. परंतु सातबारा हा मुळात महसुली अभिलेख असून, 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातील नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खऱ्या धरल्या जातात. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतावाचून पुरी होत नाही. फेरफार, म्हणजे महसुली अभिलेखातील बदलाची नोंद, खरेदीखताच्या मागून येतो, त्याची जागा घेत नाही. म्हणूनच जुने फेरफार काढून मालकी कोणाकडून कोणाकडे आली हे पाहावे, आणि ‘इतर अधिकार’ हा रकाना तर अक्षरन् अक्षर वाचावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क, कित्येकदा सासरी गेलेल्या बहिणींची नावे तेथेच असतात. आणि हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच असल्याने, त्यांना वगळून केलेली खरेदी पुढे दिवाणी दाव्यात अडकू शकते.

शेतजमीन कोणालाही घेता येते, हेही खरे नव्हे. 1948 च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्यास ती सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे.

सदनिकेच्या बाबतीत महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा क्रमांक म्हणजे सरकारची हमी, अशी समजूत दिसते. तो नोंदणीचा क्रमांक आहे. त्यायोगे प्रकल्पाचे मंजूर नकाशे, ताब्याची मुदत आणि जमिनीवरील दावे संकेतस्थळावर पाहता येतात, आणि ते पाहण्याचे काम ग्राहकाचेच असते. करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे, तेव्हा बुकिंगच्या नावाखाली त्याहून जास्त मागणाऱ्यास आधी करारनामा नोंदवण्यास सांगावे.