भिशीचे पैसे आणि माथेरानची लाल माती

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. गेल्या पाच वर्षांत तुम्ही घराबाहेर मुक्कामाला कितीदा राहिलात? माहेर, लग्नकार्य, मुलीचं बाळंतपण आणि दवाखाना सोडून बरं का! बोटं मोजून बघा. आमच्या भिशीत हा प्रश्न निघाला तेव्हा बहुतेकींचं एकही बोट वर झालं नाही.

आम्ही कामतघरच्या. भिवंडीतला वऱ्हाळादेवीच्या तलावाजवळचा हा भाग. तलावाच्या काठी संध्याकाळी चार पावलं फिरणं, हीच आमची सहल. बाकी दिवसभर मागांची खडखड. नवऱ्याची दिवसपाळी-रातपाळी सांभाळायची, मुलांचे क्लास सांभाळायचे, सासूबाईंच्या गोळ्या सांभाळायच्या. भिशीचे पैसे निघाले की मिक्सर येतो, फीचा हप्ता जातो, नाहीतर कोणाच्या तरी लग्नातला आहेर होतो. या वेळी मात्र ठरवलं, वर्षभर महिन्याला शंभर-शंभर रुपये वेगळे काढायचे आणि त्या पैशातून फक्त आपण जायचं. कुठं? तर माथेरानला!

नावं अकरा जणींनी दिली. प्रत्यक्षात गेलो आठ जणी. एकीच्या मुलाला ताप आला, ते समजण्यासारखं. दुसरीकडे पाहुणे आले. तिसरीला मात्र आदल्या रात्री घरातून विचारलं गेलं, “दोन दिवस डबा कोण करणार?” ती पोळ्या करून ठेवायला तयार होती. तरी नाही म्हणाले ते नाहीच. या तिसरीसाठीच मला हा लेख लिहावासा वाटला. कारण नाही म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा माहितीच नसते, की ठिकाण किती जवळ आहे, खर्च किती आणि बायका-बायकांनी जाणं किती सोपं आहे. तेव्हा ही माहिती कापून ठेवा आणि घरात मोठ्यानं वाचून दाखवा!

जायचं कसं?

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात आहे. १८५० साली ह्यू मॅलेट नावाच्या कलेक्टरनं हे ठिकाण इंग्रजांच्या नकाशावर आणलं. हा कलेक्टर कुठला? ठाण्याचा! म्हणजे त्या काळी भिवंडीचा आणि माथेरानचा साहेब एकच होता. अर्थात त्याच्याही आधीपासून ठाकूर, कातकरी, धनगर मंडळी या डोंगरात वावरत होती. साहेबाला वाट दाखवायला कोणीतरी होतंच ना!

कामतघरहून रिक्षानं किंवा बसनं कल्याण गाठायचं. तिथून कर्जतची लोकल पकडली की पाऊण तासात नेरळ. नेरळला दोन पर्याय असतात. एक म्हणजे आपली लाडकी झुकझुकगाडी. ही गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं स्वतःच्या पैशानं बांधली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम हाती घेतलं आणि १९०७ साली गाडी धावली. रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट, लांबी साधारण २१ किलोमीटर. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत वळणावळणानं ती अडीच तासांच्या आसपास वर पोहोचते. २००५ च्या महापुरात हा मार्ग वाहून गेला होता, २०१९ च्या पावसानंही त्याची दैना केली. दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळपासून गाडी पुन्हा सुरू झाली. पण लक्षात ठेवा, पावसाळ्यात जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. एरवीही दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात, त्यामुळे वेळ आणि तिकिटाची चौकशी आधी करा.

दुसरा पर्याय म्हणजे नेरळ स्टेशनबाहेरची शेअर टॅक्सी. ती घाट चढून दस्तुरी नाक्यापर्यंत सोडते. इथून पुढं मोटारी बंद. दस्तुरीला नगरपरिषदेचा प्रवासी कर भरायचा आणि पुढं चालायचं. बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरवर आहे. अमन लॉजहून छोटी शटल गाडी पंधरा-वीस मिनिटांत माथेरान स्टेशनात नेते. ती पावसाळ्यातही चालू असते. आम्ही जाताना शटलनं गेलो, येताना झाडांच्या सावलीतून गप्पा मारत चालत आलो. चालतच या असं मी सांगेन. लाल मातीचा रस्ता, वर जांभूळ-हिरड्याची दाट झाडी आणि एकही हॉर्न नाही. आमच्या कानांना आधी तर चुकल्यासारखंच झालं!

फिरायचं कुठं?

माथेरानला पॉइंट तीसच्या वर आहेत. सगळे बघायचेच असा हट्ट धरू नका. यादी पुरी करण्याच्या नादात पाय दुखतात आणि बघितलेलं काहीच आठवत नाही. दोन दिवसांचा बेत असा करा.

पहिल्या दिवशी जेवण झालं की दक्षिणेकडे निघा. शार्लोट तलाव, त्याच्या काठाजवळचं पिसारनाथाचं मंदिर, मग लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट आणि शेवटी लुईझा पॉइंट. पिसारनाथ हे माथेरानचं ग्रामदैवत, महादेवाचं शांत ठिकाण. तलाव छान आहे, पण पाण्यात उतरायचं नाही, पाय बुडवायलासुद्धा नाही. एको पॉइंटला प्रत्येकीनं आपापल्या नावानं हाक मारायची. हसू नका! “अमक्याची आई”, “तमक्याची बायको” अशी हाक ऐकायची सवय झालेल्या बाईला समोरच्या डोंगरातून स्वतःचं नाव परत येताना ऐकायला काय वाटतं, ते तिथंच कळतं. आमच्या शेजारच्या काकूंनी तीनदा हाक मारली आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. लुईझावरून दरीपलीकडचा प्रबळगड दिसतो. अंगात त्राण असेल तर तिथून सूर्यास्ताच्या पॉइंटला, म्हणजे पॉर्क्युपाइनला जा. मात्र परतताना अंधार होतो, प्रत्येकीकडे टॉर्च हवा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनोरमा पॉइंट. हा उत्तरेचं टोक, बाजारापासून लांब, जाऊन-येऊन चांगले तीन-चार तास धरा. सूर्य वर येतो तसा खालचा मुलूख उलगडत जातो. नेरळ, जवळच पेबचा किल्ला, लांबवर कल्याणच्या बाजूचा सपाट प्रदेश. “आपलं घर कुठं असेल गं?” हा प्रश्न तिथं निघतोच. इतकं जवळ असून आपण इतकी वर्षं आलो नाही, हेही तिथंच जाणवतं.

ज्यांना लांब चालवत नाही त्यांच्यासाठी बाजारालगतचा खंडाळा पॉइंट किंवा माधवजी उद्यान पुरेसं आहे. अलेक्झांडर आणि रामबाग पॉइंटही निवांत. तरण्या मुली सोबत असतील तर त्यांना वन ट्री हिल दाखवा. तिथून खाली उतरणाऱ्या वाटेला शिवाजीची शिडी म्हणतात. गार्बेट पॉइंटहून भिवपुरीकडे उतरण्याची किंवा पेब किल्ल्याची वाट मात्र खऱ्या ट्रेकची. स्थानिक वाटाड्या आणि चांगले बूट असल्याशिवाय नको. पावसात तर नकोच, धुकं आलं की हातभरावरचं दिसत नाही.

आणखी एक. हुतात्मा भाई कोतवाल हे माथेरानचेच. १९१२ साली इथल्या गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभारून त्यांनी इंग्रजांच्या विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी आपल्या मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर त्यांना वीरमरण आलं. मुलं बरोबर असतील तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

खायचं काय?

पहिल्या दुपारचा डबा घरून न्या. आमच्याकडे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी होती. पद्मानगरच्या आमच्या तेलुगू मैत्रिणीनं चिंचेचा भात आणला होता, त्यावर सगळ्यांच्या उड्या. मात्र उघड्यावर डबा सोडताना माकडांपासून सावध! हातातली पिशवी कधी जाते कळत नाही. आणि माकडांना खायलाही देऊ नका, त्यानंच ती सोकावतात.

बाकी जेवण बाजारात. खानावळींत पिठलं-भाकरीपासून गुजराती थाळीपर्यंत सगळं मिळतं, जुन्या हॉटेलांत पारशी चवही सापडते. पॉइंटांवर भाजलेलं कणीस, लिंबू-मीठ लावलेली काकडी, कोकम सरबत, कांदाभजी. एप्रिल-मेमध्ये गेलात तर पायथ्याच्या वाड्यांतल्या बायका करवंदं, जांभळं पानांच्या द्रोणात घेऊन बसलेल्या दिसतील. त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका. त्या ती टोपली डोक्यावर घेऊन डोंगर चढून आलेल्या असतात. घरी न्यायला चिक्की, मध आणि चामड्याच्या चपला. तिथं मात्र खुशाल भाव करा!

आणि खेळायचं?

मुलांसाठी बाग आहे, घोड्यावरची रपेट आहे, बाजारात फुग्यांवर नेम धरायचा खेळ आहे. पण मी विचारते, आपण कधी खेळायचं? आम्ही मोकळ्या पठारावर लगोरी मांडली. फुगड्या घातल्या. चाळिशी-पन्नाशीच्या बायका साड्या खोचून लगोरी खेळताहेत हे बघून कॉलेजची पोरं थांबली. त्यांनाही घेतलं, आणि हरवलं! घोड्यावर बसायचं असेल तर दर आधी ठरवा, घोडेवाल्याला हळू चालवायला सांगा आणि साडीऐवजी पंजाबी ड्रेस घाला.

ओझं कोणाचं?

माथेरानमध्ये एक गोष्ट मनाला टोचायची. माणसानं माणसाला ओढायची हातरिक्षा. दस्तुरीच्या चढावर माणसं पुढं वाकून, मागून ढकलून ती न्यायची. गुडघे दुखणाऱ्या आजीला दुसरा उपाय नाही आणि ओढणाऱ्यालाही दुसरा रोजगार नाही, अशी ही अडचण. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारी नाही. सहा महिन्यांत ती बंद करा आणि त्या चालकांच्याच हाती ई-रिक्षा द्या, असा आदेश निघाला. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणून इथं वाहनाचा विषय निघाला की वाद होतोच. घोडेवाल्यांची पोटापाण्याची काळजीही खोटी नाही. पण माझ्या सासूबाई ऐकून म्हणाल्या, “कोणाच्या छातीवर बसून नाही जायचं म्हटल्यावर मी पण येते की!”

सामान वाहणाऱ्या हमाल बायकाही तिथं भेटतात. डोक्यावर दोन-दोन बॅगा घेऊन आपल्यापुढं झपाझप चालतात. आपण ‘आराम’ करायला जातो तेव्हा दुसऱ्या बाईच्या डोक्यावर किती ठेवतो, याचा विचार व्हावा. बॅग हलकी भरा. द्यायचीच असेल तर ठरलेले पैसे विनातक्रार द्या आणि पाणी विचारा.

निघण्यापूर्वी

शनिवार-रविवार आणि मे महिन्यातली गर्दी टाळा. मधल्या वारी खोल्या स्वस्त मिळतात आणि वाटा रिकाम्या. खोली आधी ठरवा, आतून कडी नीट लागते का, गरम पाणी आहे का, हे विचारायला लाजू नका. लांबच्या पॉइंटांवर स्वच्छतागृहाची सोय मिळेलच असं नाही, तेव्हा बाजारातून निघतानाच उरकून घ्या. पाण्याची बाटली भरलेली असू द्या. नाही तर होतं काय, स्वच्छतागृह नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही आणि मग चक्कर येते. दरीच्या कठड्यापलीकडे फोटोसाठी जाऊ नका. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, कचरा परत आणा. घसरणार नाहीत अशा चपला-बूट घाला. लाल मातीत पांढरे कपडे मुळीच नकोत, ते डाग निघता निघत नाहीत!

आणि घरच्यांचं म्हणाल, तर कोणाचंही घर बुडालं नाही. एकीच्या नवऱ्यानं दोन दिवस खिचडी केली, दोन्ही दिवस करपली, पण केली. आठ जणींचे मिळून जे पैसे उरले, ते आम्ही वाटून घेतले नाहीत. गेल्या खेपेस आदल्या रात्री जिचं नाव गळलं, तिच्या नावानं ते भिशीच्या वहीत जमा आहेत. पुढची तारीख ठरताना आधी तिला विचारायचं, मग बाकीच्यांना.