पेटणारं की न पेटणारं?

बालदोस्तांनो, पेट्रोलचा टँकर रस्त्यावरून जाताना त्याच्या पाठीवरची मोठ्ठी अक्षरं तुम्ही वाचलीच असतील : 'हायली इन्फ्लेमेबल'. सांगा पाहू, याचा अर्थ काय?

वर्गात हा प्रश्न विचारला की लगेच हात वर होतात. "बाई, न पेटणारं!" मुलांचा हिशेब सरळ असतो. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक. व्हिजिबल म्हणजे दिसणारं, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं. मग फ्लेमेबल म्हणजे पेटणारं आणि इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं!

हिशेब छान, पण उत्तर अगदी उलटं. इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं, ज्वालाग्राही. आणि गंमत म्हणजे फ्लेमेबलचा अर्थही तोच!

असं कसं बरं? इंग्रजीत लॅटिन भाषेतून दोन 'इन' आले. दिसायला जुळे भाऊ, पण स्वभाव वेगळे. एक 'नाही' म्हणतो, दुसरा 'आत' म्हणतो. लॅटिनमध्ये 'फ्लामा' म्हणजे ज्वाळा आणि 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे. आपला इन्फ्लेमेबल याच घराण्यातला. यातला 'इन' दुसरा भाऊ. फ्लेमेबल हा शब्द तर इंग्रजीत नंतर आला.

इंग्रजीला हसू नका हं! आपला 'वि' बघा. विफल म्हणजे ज्याला फळ आलं नाही असं. पण विख्यात म्हणजे ख्याती नसलेला नव्हे, खूप ख्याती असलेला!

परीक्षेत अर्थ चुकला तर एखादा गुण जाईल. डब्यावरच्या शब्दाचा अर्थ चुकला तर मात्र जिवावर बेतेल. म्हणूनच १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेने 'इन'ला रजा देऊन 'फ्लेमेबल' लिहा, असा आग्रह धरला. न पेटणाऱ्यासाठी 'नॉनफ्लेमेबल' हा शब्द आहे.

आपल्याकडे दोन्ही शब्द दिसतात. दोन्हींचा सांगावा एकच : आग दूर ठेवा! शब्द आठवला नाही तर चित्र बघा. पेट्रोलच्या टँकरवर लाल चौकट टोकावर उभी असते, आत ज्वाळा आणि खाली ३ हा आकडा.

या रविवारी आईबाबांना सोबत घ्या. टर्पेंटाइन, नेलपॉलिश रिमूव्हर, सेंटची फवारणी, सॅनिटायझर यांच्या बाटल्यांवर यातला कोणता शब्द आहे ते शोधा, वहीत लिहा. झाकण मात्र उघडायचं नाही. आणि बाटल्या गॅसच्या शेगडीजवळ असतील, तर आधी तिथून हलवायला सांगा!