यंत्राआधी भिंत

बाळकुमचे जुने गावठाण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तेथील कौलारू घरांची पडवी आठवत असेल. दुपारचे ऊन घराच्या भिंतीपर्यंत पोचू न देणे हे त्या पडवीचे काम होते आणि ते ती पिढ्यान्‌पिढ्या विनावेतन करीत आली. आज ठाणे-भिवंडी रस्त्यालगत आणि कोलशेतच्या बाजूला, जेथे एके काळी कारखान्यांची आवारे होती तेथे, उंचच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांना पडवी नाही. तिच्या जागी खिडकीखिडकीशी वातानुकूलन यंत्राची पेटी लटकते आहे आणि तिचे वेतन दरमहा विजेच्या बिलातून वसूल होते.

या यंत्राचा दुस्वास करण्याचे कारण नाही. व्होल्टास आणि ब्लू स्टार ही नावे ठाणेकरांना पोखरण रस्त्यामुळे घरचीच वाटतात. शिवाय आपल्या खाडीकाठच्या हवेत उष्म्याइतकाच दमटपणा छळतो, आणि दमटपणावर पंख्याचा इलाज मर्यादितच. विलिस कॅरिअर याने 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी जी योजना आखली, तीही मुळात कागद दमट हवेने फुगू नये म्हणून. परंतु यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. आतली उष्णता उचलून ते बाहेर टाकते. ‘एक टना’चे यंत्र म्हणजे सुमारे 900 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील, तेवढी उपसणारे यंत्र. भिंतीतून आत शिरणारा ओघ आटोक्यात नसेल, तर हे उपसणे भोकाच्या नावेतील पाणी उपसण्यासारखे होते.

हे भोक पाडले जाते ते नकाशावर. ॲल्युमिनियमच्या साच्यांत अख्खा मजला ओतून काढण्याची पद्धत आता सर्रास रूढ झाली आहे. बांधकाम झपाट्याने होते हे खरे. पण अशा इमारतीची बाहेरची भिंतही काँक्रीटचीच असते, आणि काँक्रीटमधून उष्णता विटेपेक्षा सहज वाहते. पुण्याच्या शिर्के कंपनीने ‘सिपोरेक्स’ या नावाने ज्यांची ओळख करून दिली, त्या हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असलेल्या हलक्या ठोकळ्यांपेक्षा तर कितीतरी पटींनी. दिवसभर तापलेली काँक्रीटची भिंत रात्री खोलीत उष्णता सोडू लागते, नेमकी घरची माणसे झोपायला येतात त्या वेळी.

खिडकीची कथा याहून वेगळी नाही. खाडीचे दर्शन घडावे म्हणून काच मोठी, पण सरकत्या तावदानांची खिडकी उघडते निम्मीच. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची निवासी इमारतींसाठीची ‘इको निवास संहिता’ 2018 साली आली. आपल्यासारख्या उष्ण-दमट प्रदेशात खिडक्यादारांचे प्रत्यक्ष उघडणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे एकषष्ठांश असावे, असे ती सांगते. 120 चौरस फुटांच्या खोलीपुरते बोलायचे तर 20 चौरस फूट. पाच फूट बाय चार फुटांची सरकती खिडकी त्यांपैकी 10 देते. बाह्य भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेलाही संहितेने चौरस मीटरमागे 15 वॅटची मर्यादा घातली आहे. घर घेताना सदनिकेचा दर, वाहनतळ, पोहण्याचा तलाव यांची चौकशी सारेच करतात. या 15 वॅटची कोण करतो?

यावर बांधकाम व्यावसायिकांचे एक उत्तर ठरलेले असते, आणि त्यात तथ्यही आहे. कोकणपट्टीत दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो आणि उतरते ऊनही तिकडूनच. पश्चिम बंद केली तर वारा गेला, उघडी ठेवली तर ऊन आले. पण हा पेच मुंबईत सुटलेला आहे. चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवर उभारलेल्या आणि 1983 साली पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ या इमारतीत दोन मजली उंचीच्या खोल सज्जांच्या आड घरे ठेवली. वारा घेतला, ऊन आणि पाऊस बाहेर थोपविले. जुन्या बंगल्यांचा व्हरांडाच त्यांनी आकाशात नेला. ती श्रीमंतांची इमारत होती हे मान्य. परंतु खिडकीवर पुरेसा रुंद छज्जा काढायला श्रीमंती लागत नाही.

यंत्रांच्या बाबतीत सरकारने काही केले नाही असे नव्हे. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर 2006 पासून ताऱ्यांची पट्टी आली. जानेवारी 2020 पासून नवे यंत्र सुरू होताच 24 अंशांवर लागेल, अशी सक्तीही आली. तापमान एक अंशाने वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्यूरोचा हिशेब आहे. यंत्र ग्राहक निवडतो, म्हणून त्याला शिकवणे सोपे. भिंत मात्र तो निवडत नाही. ती निवडणारा एकदा पैसे वाचवून मोकळा होतो आणि कारकुनाचे, शिक्षकाचे कुटुंब पुढे तीस वर्षे एप्रिल-मे महिन्यांत 300 युनिटांचा टप्पा ओलांडून चढ्या दराने बिल भरते.

2022 च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. तेव्हा संहितेतील आकडे बांधकाम परवानगीच्या छाननीत तपासले गेले पाहिजेत, आणि ते राज्य सरकारने व ठाणे महापालिकेने करावयाचे आहे. नकाशावर भिंतीचा प्रकार, छज्जाची रुंदी आणि उघडणाऱ्या खिडकीचे क्षेत्र नोंदलेले असावे. यंत्राची बाहेरची पेटी कोठे बसणार हेही तेथेच ठरावे; आज ती अरुंद चौकात एकावर एक लटकते, खालच्या मजल्याची गरम हवा वरच्या मजल्याचे यंत्र ओढून घेते आणि पाच ताऱ्यांचे यंत्र घेऊनही वरच्या बिऱ्हाडाला त्याचा पुरता लाभ होत नाही.