कारागिराचे काम दुसऱ्या हाती का जात नाही?

सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर सतार व तानपुरा यांच्या निर्मितीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे या व्यवसायास प्रारंभ केला. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन लाभले. तरीही हा व्यवसाय मुख्यत्वे घराण्यांतूनच चालत आला आहे. बाहेरचे मदतनीस नेमून काम वाढवावे, असा सल्ला कारागिरांना नेहमी दिला जातो. तो मानला गेला नाही, की कारागीर हेकट आहे, विद्या लपवितो, असे म्हटले जाते. खरी कारणे मात्र कामाच्या स्वरूपातच आहेत.

तानपुऱ्यासाठी भोपळा कापणे, दांडी जोडणे, तबली बसविणे, नक्षी व रोगण ही कामे डोळ्यांनी तपासता येतात. अखेरचे जवारीचे काम मात्र कानानेच करावे लागते. घोडीचा माथा इतक्या हलक्या हाताने घासावयाचा, की तार त्यास अलगद स्पर्शून घुमू लागावी. कोठे थांबावे हे कोणतीही मापपट्टी सांगत नाही. जे उस्तादाला येते, ते त्याला शब्दांत सांगता येतेच असे नाही.

दुसरे कारण आर्थिक होय. शिकाऊ मुलाला वेतन द्यावयाचे आणि स्वतःचे काम थांबवून त्याला शिकवावयाचे, असा दुहेरी भार उस्तादावर पडतो. शिकून तयार झालेला मुलगा अन्यत्र जाईल, ही धास्ती असतेच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने विद्यावेतनाची तरतूद केली. परंतु २०१९ च्या सुधारणेनुसार उमेदवार घेण्यास आस्थापनेत किमान चार माणसे असावी लागतात. बापलेकांचा कारखाना या कक्षेबाहेरच राहतो.

तिसरे कारण नावाचे. गायक येतो तो कारागिराच्या लौकिकावर विसंबून. वाद्य सदोष निघाले, तर बोल मदतनिसास लागत नाही.

यावर उपाय आहे. काम सोपविणे म्हणजे सारे एकदम सोपविणे नव्हे. डोळ्यांनी तपासता येणारे टप्पे प्रथम द्यावेत. जवारीचा सराव जुन्या, निकामी घोड्यांवर करू द्यावा. अंतिम परीक्षा उस्तादाने स्वतःकडे ठेवावी. अशाने त्याचा वेळ वाचतो, नावही राखले जाते आणि शिकणाऱ्याचा कान हळूहळू तयार होतो.

गावोगावच्या सुतार, लोहार व गवंडी यांचीही अडचण बहुतांशी हीच आहे. शिक्षकांनी हाताची आवड असलेली मुले हेरून त्यांना कारागिराकडे न्यावे. पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी शिकण्याच्या काळातील खर्चाचा भार एकट्या कारागिरावर पडणार नाही, हे पाहावे. अवजारे पुढच्या पिढीस वारशाने मिळतात. कान आणि हात मात्र उस्ताद हयात असतानाच घडवून घ्यावे लागतात.