हरकत घ्या, पण मुदतीत

नाक्यावरचा जुना वड पडतो तेव्हा माणसे जमतात, मोबाइलवर चित्रण होते आणि संध्याकाळपर्यंत संताप ओसरतो. त्या वडाचा निर्णय मात्र कितीतरी दिवस आधी कागदावर झालेला असतो. तो होण्यापूर्वी तुमचे-आमचे म्हणणे मागवलेलेही असते, फक्त ते आपल्या लक्षात आलेले नसते. परिसरातल्या निसर्गाची बाजू मांडण्याबद्दलचे काही पक्के गैरसमज याला कारणीभूत आहेत.

गैरसमज : झाडावर नोटीस लागली म्हणजे निकाल लागला.

वस्तुस्थिती : ती नोटीस हरकती मागवण्यासाठीच लावलेली असते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायला परवानगी लागते. ती देण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावरही कागद लावावा लागतो. त्यावरची मुदत आधी वाचा.

‘झाडे आपले मित्र आहेत’ अशा मजकुराची हरकत फायलीत पडून राहते. झाडाची जात, नोटिशीतला क्रमांक, छातीच्या उंचीवर मोजलेला खोडाचा घेर, ढोली आणि घरटी यांची नोंद करून फोटो जोडा. मग पर्याय सुचवा : गटार दोन फूट सरकवता येईल का, नुसती धोकादायक फांदी छाटून भागेल का? पत्र पालिकेच्या आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका. झाडाचे वयही जरूर लिहा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ दर्जा दिला आहे. वाड्यातल्या एखाद्या आजोबांची आठवण इथे उपयोगी पडते.

गैरसमज : काही झाले तरी शेवटी कोर्ट आहेच.

वस्तुस्थिती : कोर्ट आहे, पण करवत त्याच्यासाठी थांबेलच असे नाही. आरे वसाहतीतील झाडांविषयीच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. एका पत्रात केवढी ताकद असते हे यातून दिसले आणि तीन दिवसांचा उशीर केवढ्याला पडतो हेही.

गैरसमज : जनसुनावणी हे तज्ज्ञांचे काम, आपण तिथे काय बोलणार?

वस्तुस्थिती : ती स्थानिक लोकांसाठीच असते. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार खाण, धरण किंवा मोठा कारखाना अशा बहुतेक प्रकल्पांना मंजुरीपूर्वी सुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. प्रकल्पाच्या पर्यावरण आघात अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. तो जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो.

‘या भागात महत्त्वाचे वन्यजीव नाहीत’ असे अहवालात लिहिले असेल आणि तुमच्या ओढ्यात पाणमांजर दिसत असेल, तर तेवढेच फोटोसह सांगा. ते खोडायला कंपनीच्या सल्लागाराला घाम फुटेल. सुनावणीला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे रिकाम्या मांडवातही ती उरकता येते. शेवटी उपस्थित मुद्दे वाचून दाखवले जातात, तोपर्यंत उठू नका. आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथल्या तिथे सांगा.

गैरसमज : हौशी लोकांच्या नोंदींना कोण विचारतो?

वस्तुस्थिती : देशातल्या पक्ष्यांचा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींची स्थिती तपासली आहे. चिमणी देशभरात संपत चालली, हा लाडका समजही अशाच नोंदींनी दुरुस्त केला. मोठ्या शहरांत ती घटली, पण देशाचा एकूण विचार करता संख्या साधारण स्थिर असल्याचे २०२० च्या अहवालात दिसले. गच्चीवरून पंधरा मिनिटे पाहून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरलेली यादी उद्या तुमच्याच हरकतीला पुरावा म्हणून जोडता येते.

गैरसमज : झाडे लावली की निसर्गसेवा झाली.

वस्तुस्थिती : कुठे लावली, यावर ते अवलंबून आहे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडची माळराने सरकारी दप्तरात बहुधा ‘पडीक’ असतात, पण लांडगा, चिंकारा आणि धाविक पक्ष्याचे ते घर आहे. तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावले की सावलीने गवत मरते, आणि गवतावर जगणाऱ्यांबरोबर धनगरांचे चराऊ रानही जाते. अशा ठिकाणी वृक्षारोपणाला विरोध करणे हीच निसर्गाची बाजू घेणे ठरते.

गैरसमज : बिबट्या दिसला की पिंजऱ्याची मागणी करावी.

वस्तुस्थिती : जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असे अभ्यासात आढळले. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसता दिसला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. निवेदन द्यायचे ते कचरा उचलण्यासाठी, पक्क्या गोठ्यांसाठी आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी द्या.

गैरसमज : संरक्षण वाघाच्या जंगलाला मिळते, आमच्या तळ्याला नाही.

वस्तुस्थिती : आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यात सापडलेल्या इवल्याशा माशामुळे ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. येत्या ग्रामसभेत किंवा वॉर्ड कार्यालयात ती नोंदवही पाहायला मागा. तुमच्या तळ्याचे नाव त्यात नसेल, तर ते घालण्याचा अर्ज तिथेच द्या.