घरच्या ध्वनिमिश्रणासाठीं मॉनिटर कोणता घ्यावा?

आमच्या वृद्ध आत्याबाईंच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, असें घरांतील सर्वांच्या मनांत बरीच वर्षें होतें. एका उन्हाळ्यांत तो योग आला. माडीवरच्या दहा फुटी खोलींत मुद्रण झालें. चिरंजीवांनीं दिवाणखान्यांतील भल्यामोठ्या स्पीकरवर त्याचें मिश्रण केलें आणि तें ऐकून आम्ही सारे तृप्त झालों. पुढें तीच प्रत मोटारींत व धाकट्या बंधूंच्या घरीं लावली, तों आत्याबाईंचा भरदार आवाज कोठेंच नाहीं! आमचा स्पीकर मूळचाच खालचे स्वर फुगवून ऐकवीत होता. चिरंजीवांनीं ते कमी केले, आणि कमी झाले ते आत्याबाईंच्या आवाजांतून.

सारांश, ऐकण्याचा स्पीकर निराळा आणि पारखण्याचा मॉनिटर निराळा. पहिल्यानें रिझवावें, दुसऱ्यानें खरें सांगावें. जपानच्या यामाहा कंपनीनें १९७८ सालीं ‘एनएस-१०’ हा स्पीकर घरगुती श्रवणासाठींच काढला होता. त्या नात्यानें त्याचें फारसें कौतुक झालें नाहीं. त्याचा खर्ज तोकडा आणि मधले स्वर पुढें आलेले. परंतु बंद पेटीमुळें त्याचा खर्ज रेंगाळत नाहीं व मिश्रणांतील उणीव झांकली जात नाहीं, म्हणून ध्वनिमिश्रकांनीं त्यास जवळ केलें. २००१ सालीं त्याचें उत्पादन थांबलें, तरी त्याच्या पांढऱ्या शंकूंची जोडी अद्याप अनेक स्टुडिओंत दिसते.

मॉनिटर घेतांना प्रथम खोली मोजावी. दहा फुटी खोलींत समोरासमोरच्या भिंतींमुळें ५६ हर्ट्झच्या आसपासचा व त्याच्या पटींतील स्वर एका ठिकाणीं फुगतो, तर दुसऱ्या ठिकाणीं लोपतो. अशा जागीं आठ इंची शंकूनें घोटाळा वाढण्याचाच संभव. पांच इंची बहुधा पुरेसा होतो. अँप्लिफायर पेटींतच बसविलेला असल्यास वेगळा घ्यावा लागत नाहीं. दोन मॉनिटर व आपलें मस्तक यांचा समभुज त्रिकोण व्हावा. ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा लहान शंकू, कानाच्या पातळीस यावा. मॉनिटर कोपऱ्यांत ठेवूं नयेत; तेथें खर्ज फुगतो. भिंतीवर गोधडी टांगल्यानें उंच स्वरांचा झणझणीतपणा तेवढा कमी होतो. खर्ज आवरण्यास वीतभर जाडीचें भरण लागतें.

दुकानांत जातांना आपल्या पूर्ण परिचयाचें एखादें गायन बरोबर न्यावें, आणि दोन्ही जोड्या सारख्याच मोठ्या आवाजांत लावून ताडून पाहाव्यात. कारण किंचित मोठा आवाज कानास सरसच वाटतो. ज्यावर सर्वच मुद्रणें गोड लागतात तो मॉनिटर टाळावा. ज्यावर बऱ्यावाइटांतील भेद स्पष्ट होतो, तो घ्यावा.

त्याच पावसाळ्यांत आत्याबाईंचा आवाज बसला, तो पुन्हां सुटला नाहीं. सुदैवानें मूळ मुद्रण आम्हीं जसेंच्या तसें राखून ठेविलें होतें. प्रत्येक गृहस्थानें तें राखावेंच. माडीवर पांच इंची जोडी मांडून चिरंजीवांनीं नव्यानें मिश्रण केलें. इंदूरच्या आतेबहिणीनें तें साध्या फोनवर ऐकलें, आणि तिला तिच्या आईचा आवाज परत मिळाला.