पत्त्यांचा नवा डबा मागवताय? आधी ‘स्टँड-अलोन’ शब्द शोधा

जालना असो की अंबड, परतूर. पत्ते म्हटले की मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन, नाहीतर रमी. ५२ पत्त्यांचा एक कॅट घेतला की यातला कुठलाही खेळ मांडता येतो. मोबाइलवरून मागवल्या जाणाऱ्या नव्या पत्त्यांच्या खेळांचं मात्र तसं नाही. पार्सल येतं, मुलं डबा फोडतात आणि मग कळतं, की आपण मागवलं ते नुसतं ‘एक्स्पान्शन’, म्हणजे पुरवणी. मूळ खेळ वेगळा विकत घ्यावा लागणार. फोडलेला डबा परत करणं सोपं नसतं. ‘स्टँड-अलोन एक्स्पान्शन’ हे तीन शब्द इथेच कामाला येतात.

हा खेळ असतो कसा?

या प्रकाराला ‘डेक-बिल्डिंग’ म्हणतात. तो जगभर रूढ केला २००८ साली आलेल्या ‘डॉमिनियन’ने. डोनाल्ड व्हॅकारिनो यांच्या या खेळाला २००९ मध्ये ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार मिळाला. रमीत सगळे एकाच कॅटमधून पानं उचलतात. इथे प्रत्येकाचा स्वतःचा जोड असतो आणि तो खेळता खेळता वाढवायचा असतो.

दोघांत खेळायचा ‘स्टार रिअल्म्स’ हा २०१४ चा अंतराळयुद्धाचा खेळ घेऊ. दोघांनाही सारखीच दहा साधी पानं मिळतात. त्यातली आठ खरेदीसाठी एकेक नाणं देतात, दोन समोरच्याचा एकेक गुण कापतात. मध्ये पाच पानांचा बाजार मांडलेला असतो. हातातल्या नाण्यांवर त्यातलं पान विकत घ्यायचं, पण ते लगेच वापरता येत नाही. ते आपल्या वापरलेल्या पानांच्या ढिगात जातं. पुढची गड्डी संपली की ढीग पिसायचा आणि मग कधीतरी ते पान हाती येतं. खरी गंमत या वाट बघण्यात आहे. महागडी पानं घेत सुटलं तर सुरुवातीचे डाव हातचे जातात आणि फुसकी पानं वेळीच काढून टाकली नाहीत तर भारी पान वेळेवर येत नाही. दोघेही ५० गुणांवरून सुरुवात करतात. ज्याचे गुण आधी शून्यावर येतील तो हरला.

पुरवणी, पण स्वतःच्या पायावर

२०१५ मध्ये याच खेळाची ‘कॉलनी वॉर्स’ ही पुरवणी आली. तिच्या डब्यात बाजाराची नवी पानं आहेतच, शिवाय दोघांची सुरुवातीची दहा-दहा पानंही आहेत. त्यामुळे मूळ डबा नसला तरी दोघांना पूर्ण खेळ खेळता येतो. नवीन काय, तर काही पानं घेताना त्याच डावात त्याच गटाचं दुसरं पान खेळलेलं असेल तर नवं पान ढिगात न जाता थेट हातात येतं. वाट बघण्याच्या नियमाला दिलेली ही पळवाट आहे. त्यामुळे डाव अचानक उलटतो.

मूळ डबा आधीच असेल तर दोन्ही एकत्र पिसून चौघांना खेळता येतं. पानांचे चार गट दोन्ही डब्यांत तेच आहेत, म्हणून सरमिसळ केली तरी जोड्या जुळत राहतात.

कल्पना तशी जुनीच. आठ रंगांच्या ९६ पानांच्या मोगल गंजिफाच्या जोडीला दशावतारी गंजिफा आला, दहा रंग आणि १२० पानांचा. सावंतवाडीत तो आजही हाताने रंगवला जातो. तोही स्वतंत्र खेळता येणारा पूर्ण संच. फक्त दोन्ही एकत्र पिसायची सोय नव्हती.

नाव तेच, डबा वेगळा

सगळ्यात जास्त फसगत होते ती आवृत्तीत. ‘डॉमिनियन’ची ‘इंट्रीग’ ही पुरवणी २००९ मध्ये आली, तेव्हा नाण्यांची आणि गुणांची मूलभूत पानं डब्यातच होती. तो स्वतंत्र खेळ होता. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ती पानं काढून टाकली गेली. आता ‘इंट्रीग’ खेळायला मूळ ‘डॉमिनियन’ किंवा निदान मूलभूत पानांचा संच लागतोच. जुना लेख वाचून किंवा जुना व्हिडिओ बघून नवा डबा मागवणारा हमखास अडकतो. म्हणून नावावर जाऊ नये. वर्णनात मूळ खेळ आवश्यक असल्याचं लिहिलंय का आणि किती खेळाडूंची सुरुवातीची पानं डब्यात आहेत, या दोन गोष्टी पैसे भरण्याआधी तपासाव्यात.

पत्ते म्हटलं की घरातल्या मोठ्यांना जुगाराची धास्ती वाटते. इथे पैसे लावायचे नसतात, नाणीही पानांवरचीच. केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंद केले ते पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, हे नव्हेत. पत्ते आणि बोर्डगेमवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी आयात केलेला डबा साध्या कॅटच्या कैक पट महाग पडतो. पानांवरचा मजकूर इंग्रजी असतो आणि ‘स्टार रिअल्म्स’ १२ वर्षांपुढच्यांसाठी आहे. लहानग्यांना सुरुवातीला शेजारी बसून अर्थ सांगावा लागेल.

घरात दोघंच खेळणारे असतील तर ‘कॉलनी वॉर्स’चा एकच डबा पुरे. दिवाळीत मामाकडे चार भावंडं जमणार असतील, तरच दुसऱ्याचा विचार करावा.